कधी वापरू नये

आमच्या ऑफिसातल्या पाण्याच्या मशीनला दोन तोट्या होत्या, एक निळी, एक लाल. लाल तोटीतून गरम पाणी यायला हवं होतं, पण ते कधीच आलं नाही. नवीन माणूस आला की लाल तोटी दाबायचा, जरा वाट बघायचा आणि थंडच पाणी पिऊन जागेवर जायचा. मास्तर कामावर आले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी तिच्यावर कागद चिकटवला : 'या तोटीतून गरम पाणी येत नाही. थंड येते, पण ते निळीतूनही येते. म्हणून ही वापरू नये.' आणि खाली चक्क सही, पूर्ण नावानिशी. पाण्याच्या तोटीवर सही ठोकणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. लिहिलेल्या प्रत्येक ओळीखाली स्वतःचं नाव असलंच पाहिजे, हा त्यांचा सोस. याच सोसापायी त्यांची नोकरी गेली. नोकरी घालवणारी वाक्यं मात्र त्यांची नव्हती, आणि ते आठवलं की माझं डोकं अजून फिरतं.

मास्तर हे मास्तर नव्हतेच. आयुष्यात त्यांनी एका वर्गावर शिकवलं नव्हतं. नागपूरच्या एका कारखान्यात फवारणीच्या पंपांसोबत आणि मळणीयंत्रांसोबत जी माहितीपत्रकं येतात, ती ते लिहायचे. कारखाना बंद पडला तसे ते भंडाऱ्याला, आपल्या घरी परत आले. पण बोलायची तऱ्हा अशी, की समोरच्याला वाटावं आपण गृहपाठ न करता वर्गात आलो आहोत. म्हणून सगळे मास्तर म्हणायचे. तोंडावर 'सर'.

ऑफिस पितळी भांड्यांच्या दुकानाच्या वर होतं. दुकान मालकाच्या वडिलांचं. खाली गिऱ्हाईक पाणी भरायचा गुंड वाजवून बघायचं, वर आम्ही कम्प्युटर बडवायचो. मालक बंगळूरला काही वर्षं राहून आलेला, माझ्याच वयाचा. मास्तरांना तो अंकल म्हणायचा, आणि मास्तरांच्या कपाळावर दर वेळी आठी पडायची.

आमचं काम काय होतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. धान खरेदी करणाऱ्या एका खाजगी कंपनीसाठी आम्ही फोनवर बोलणारी मशीन तयार करत होतो. शेतकऱ्यानं फोन लावायचा, मशीननं मराठीत बोलायचं, धान केंद्रावर कधी आणायचं त्याचा नंबर द्यायचा, बारदाना, म्हणजे धान भरायची रिकामी पोती, शिल्लक आहे की नाही ते सांगायचं. हल्ली याला एआय एजंट म्हणतात. ही मशीन बोलते स्वतः, पण कामासाठी तिच्या हाताशी छोटे छोटे प्रोग्राम ठेवावे लागतात. आम्ही त्यांना टूल म्हणायचो, मास्तर अवजार म्हणायचे. अवजाराच्या आत काय आहे ते मशीनला दिसत नाही. तिला दिसतं फक्त त्याचं नाव आणि त्याखाली लिहिलेलं वर्णन. ते वाचून ती ठरवते, आत्ता यातलं कोणतं उचलायचं. ही वर्णनं लिहायला मालकाला माणूस हवा होता. त्याच्या मते हे काम कोणीही करू शकत होतं, म्हणून जो कमी पगारात तयार झाला तो त्यानं ठेवला.

कोणीही करू शकतं, असं मलाही वाटायचं. मी एका अवजाराचं वर्णन लिहिलं होतं : 'शेतकऱ्याची माहिती आणते.' मास्तरांनी ते वाचलं. आपल्या खुर्चीच्या पाठीवरचा, उन्हात डोक्याला बांधायचा दुपट्टा काढला, स्वतःच्या डोळ्यांवर बांधला आणि हात पुढे करून बसले.

"मी मशीन आहो," ते म्हणाले. "मले तुह्या गावचं काई मालूम नाई. तू कोन, थो शेतकरी कोन, काईच नाई. वाच."

मी वाचलं.

"कोनती माहिती? त्याच्या सासऱ्याची बी आनू का?"

"नाही सर. नाव, गाव, किती धान आणणार ते."

"मंग हे लिवलं काहून नाई? आन त्याचं नावच सापडलं नाई त मी काय करू? गप बसू, का मनानं एखादं नाव ठोकून देऊ?"

"मशीनला समजेल ना सर तेवढं."

दुपट्ट्याखालून ते हसले. चांगलं हसणं नव्हतं ते. "समजन! पंप घेनाऱ्याले बी समजन असंच आमचा साहेब म्हने. औषध पंपात टाकाचं, हे त्याले समजते. पंप धुतल्याबिगर दुसरं औषध टाकू नोको, हे कोन सांगन? पीक जळल्यावर समजते."

हा दुपट्टा महिनाभर आमच्या मानगुटीवर बसला होता. कोणी काही लिहिलं की मास्तर डोळे बांधून बसायचे आणि मग त्या लिहिणाऱ्याची धडगत नसायची. एका पोराला तर त्यांनी रडवलं. 'तुह्या मायनं तुले बोलाले शिकवलं, पर कोनासंग बोलून राहिला हे पाहाले नाई शिकवलं,' असं सगळ्यांदेखत म्हणाले. त्यांना माणसांशी नीट वागताच येत नव्हतं. मी त्यांच्या शेजारी बसायचे, पण मला ते आवडायचे असं मुळीच नाही. त्यांचं बरोबर असायचं, आणि ते बरोबर असल्याचा त्यांना जो आनंद व्हायचा तो बघवत नसे.

प्रत्येक वर्णनात त्यांचा एक आग्रह हमखास असायचा. अवजार कशासाठी आहे हे लिहिलंच पाहिजे, पण ते कधी वापरू नये हे त्याहून आधी लिहिलं पाहिजे. मालक म्हणायचा, "अंकल, पॉझिटिव्ह लिखो ना. नाही नाही काय लिहिता?" मास्तर म्हणायचे, "कोयता भाजी कापाले आहे हे लेकराले बी दिसते. लेकराच्या हाती देऊ नोको, हे लिवा लागते."

घरीही तेच. मुलाच्या लग्नाची पत्रिका त्यांनी स्वतः लिहिली होती. सगळ्यांसारखीच सुरुवात, गणपती वगैरे, आणि खाली : 'फक्त जेवणासाठी येणाऱ्यांनी दुपारी बाराच्या आधी येऊ नये. आहेर आणू नये. आणल्यास परत न्यावा लागेल.' मुलीकडचे भडकले. मुलाला मांडवात मान वर करता येईना. तेव्हापासून तो पुण्याहून आईला फोन करतो, बापाशी बोलत नाही. मास्तरांना मी एकदा विचारलं, वाईट वाटतं का म्हणून. ते म्हणाले, "एक बी मानूस टायमाच्या आंधी नाई आला." एवढ्यावर ते समाधानी होते, निदान तसं दाखवायचे तरी. त्यांची बायको मला संक्रांतीच्या वाणाला भेटली तेव्हा म्हणाली, "आमच्या यायले विचारलं, भाजी कशी झाली? त म्हनतात, कोनासाठी? आता घरात आमी दोघं. सांगा बाई, मी काय करू?"

मालकाशी त्यांचं बिनसलं ते चहावरून. मशीनमध्ये दोन अवजारांची वर्णनं जवळजवळ सारखी होती. मालकानंच लिहिली होती, घाईत. एक केंद्राचा पत्ता सांगणारं, दुसरं केंद्रावर बारदाना आहे का ते सांगणारं. दोघांखाली लिहिलेलं : 'केंद्राची माहिती देते.' मशीन कधी हे उचलायची, कधी ते. बारदाना विचारला की रस्ता सांगायची. मास्तरांनी दोनदा सांगून बघितलं. मालक म्हणाला, नंतर बघू. तिसऱ्या दिवशी चहाच्या टेबलावर दोन सारख्या बरण्या होत्या, दोन्हींवर मास्तरांच्या वळणदार अक्षरात 'चवीसाठी'. मालकाचे सासरे आले होते त्या दिवशी. मालकानं स्वतःच्या हातानं त्यांच्या कपात दोन चमचे मीठ घातलं.

सासऱ्यांनी एक घोट घेतला आणि कप हळूच खाली ठेवला. कोणी हसलं नाही. मास्तर आपल्या जागेवरून म्हणाले, "वर्नन सारखं असलं त असं होते." मालकानं ती वर्णनं त्याच दुपारी बदलली. पण त्यानंतर मास्तर बोलायला लागले की तो मोबाइल काढायचा.

आता त्या वाक्यांकडे येते.

आमच्याकडे बऱ्याच घरांत मयत झाली की तेराव्या दिवशी तेरवी होईपर्यंत घरातलं धान विकायला बाहेर काढत नाहीत. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट आहे, कोणी कुठे लिहून ठेवत नाही. पूर्वी केंद्रावर माणूस बसायचा तेव्हा तो अशा घराचा नंबर नुसता थांबवून ठेवायचा. तेरवी झाली की ते घर ट्रॅक्टर घेऊन यायचं आणि त्यांचं धान सगळ्यांच्या आधी मापलं जायचं. रांगेतले लोक बाजूला सरकायचे. एरवी रांगेत एकमेकांच्या अंगावर धावून जाणारे लोक, पण याबाबतीत कोणी हूं का चूं करत नसे.

आमच्या मशीनकडे दोन अवजारं होती, नंबर थांबवणारं आणि नंबर रद्द करणारं. थांबवण्याच्या अवजाराखाली मास्तरांनी लिहिलं होतं :

'ठरल्या दिवशी शेतकरी येऊ शकत नसेल तर हे वापरावे. याने नंबर जात नाही, फक्त थांबतो. घरी मयत झाल्याचे सांगितले तर दुसरे काहीही न विचारता हेच वापरावे, आणि तेरवीनंतर त्या घराचे धान सर्वांच्या आधी घ्यावे. "आता येत नाही" किंवा "आता जमत नाही" एवढ्यावरून नंबर रद्द करू नये. शेतकरी स्वतःच्या तोंडाने "धान द्यायचेच नाही" म्हणाला, तरच रद्द करावा.'

मालकानं ते वाचलं. "अंकल, इतना कोन पढेगा?"

"मशीन."

"हां, पर मशीन जितकं वाचेल तितकी उशिरा बोलेल. फोनवर माणूस ताटकळतो. आन हे मयत-बियत? कंपनीवाले डेमोमध्ये हे बघतील?"

"मयत त होईन जी. डेमो असो का नसो."

डेमोच्या आदल्या दिवशी मालकानं सगळी वर्णनं कापली. स्वतः बसून. थांबवण्याच्या अवजाराखाली उरलं, 'नंबर थांबवते.' रद्द करण्याच्या अवजाराखाली त्यानं लिहिलं, 'शेतकरी येणार नसेल तर नंबर रद्द करते.' मशीनचा आवाज निवडायला त्यानं अख्खा आठवडा घालवला होता. मुलीचा हवा, मऊ हवा, घरच्यासारखा हवा. वर्णनं कापायला तासभर पुरला.

सकाळी मास्तरांनी ते पाहिलं. मला वाटलं आता भडका उडणार. ते उठले, मालकाच्या केबिनमध्ये गेले, दोन मिनिटांत बाहेर आले, आणि त्यांनी आपली खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं. मग कितीतरी दिवस ते तसेच बसत होते. भिंतीकडे तोंड, मांडीवर कीबोर्ड. विचारलं तर 'हाव' नाहीतर 'नाई'. लहान मूल रुसतं तसे रुसले होते, वय वर्षं छप्पन्न.

प्रत्येक वर्णनाखाली लिहिणाऱ्याचं नाव असायचं. कापलेल्या वर्णनांखालीही मास्तरांचंच नाव तसंच होतं. मी म्हटलं, "सर, निदान तुमचं नाव तरी काढायला सांगा त्याखालून."  मी पुन्हा म्हटलं. तेव्हा भिंतीकडे बघतच म्हणाले, "नाव कायले काढू? थे अवजार मायं आहे." मला राग आला. माणूस बरोबर असतो तेव्हा त्यानं भांडावं, नाहीतर अंग काढून घ्यावं. मास्तर यातलं काहीच करत नव्हते. त्यांना वाटत होतं, मालक एक दिवस येऊन म्हणेल, अंकल, तुमचं बरोबर होतं. आणि त्या दिवशी नाव तिथं असायला हवं.

डेमो झकास झाला. मशीन लगेच बोलायची. कंपनीचे लोक खूश झाले आणि हंगामात मशीन सगळ्या केंद्रांवर सुरू झाली. केंद्रावरचा माणूस काढून टाकला.

पुढचं कोणीही सांगू शकेल. सानगडीच्या पुढच्या एका गावातून एका बाईनं फोन केला. तिचा नवरा दोन दिवसांपूर्वी गेला होता. ती म्हणाली, घरी मयत झाली, आमी आता येत नाई. मशीनकडे दोन अवजारं. एकाखाली लिहिलेलं, शेतकरी येणार नसेल तर. मशीननं तेच उचललं आणि नंबर रद्द केला. तेरवी झाल्यावर त्या घरचा ट्रॅक्टर केंद्रावर गेला तेव्हा यादीत त्यांचं नावच नव्हतं. नवा नंबर मिळायच्या आत त्या केंद्रावरची खरेदी बंद झाली. असं एकाच घराचं झालं नाही. ज्या ज्या घरी त्या दिवसांत मयत झाली आणि ज्यांनी इमानदारीनं फोन करून कळवलं, त्या सगळ्यांचं झालं. ज्यांनी कळवलंच नाही त्यांचे नंबर शाबूत राहिले. गावातले लोक केंद्राच्या दारात जाऊन बसले. तेव्हा कंपनी जागी झाली.

आमच्या ऑफिसात बैठक झाली. कंपनीचे व्यवस्थापक आले, खालून दुकानातल्या खुर्च्या वर आणल्या, आलुबोंडे मागवले. मालकानं तयारी केली होती. तो म्हणाला, "सर, एआय आहे. शिकतोय अजून. कधी कधी मशीन चुकते. आम्ही दुरुस्त केलंय." व्यवस्थापकांनी मान डोलावली. त्यांनाही तेच हवं होतं. मशीन चुकली म्हटलं की कोणाचंच काही जात नाही. बातमी जिरते, लोक घरी जातात, सगळ्यांची नोकरी राहते. मास्तरांचीही राहिली असती.

मास्तर त्या दिवशी पहिल्यांदा भिंतीकडून वळले.

"मशीन चुकली नाई," ते म्हणाले.

मालक हसला. "अंकल, बाद में."

"बाद में काय? मशीन चुकली नाई. तिले जे सांगतलं थेच तिनं केलं. 'येनार नसन त रद्द कर.' थे बाई येनार नव्हती. तिनं रद्द केलं. यात तिची चूक काय?"

व्यवस्थापकांनी आलुबोंडा खाली ठेवला. "मग चूक कोणाची?"

"सांगनाऱ्याची."

मला त्या क्षणी त्यांच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. मालकाचा चेहरा बदलला, आणि मग तो एकदम शांत झाला. त्यानं स्क्रीन सगळ्यांकडे फिरवली. "वर्णन लिहिणारे हेच आहेत, सर. नाव आहे खाली."

"ती वर्णनं तुम्ही कापली," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. "डेमोच्या आदल्या दिवशी. यांनी मयतीचं सगळं लिहिलं होतं, ते तुम्ही काढून टाकलं. सगळ्यांना माहीत आहे."

"तू मध्ये नको पडू," मालक म्हणाला. व्यवस्थापक माझ्याकडे नाही, मास्तरांकडे बघत होते. "हे तुमचं आहे की नाही? एवढंच सांगा."

एक 'नाही' म्हणायचं होतं. आयुष्यभर ज्यानं प्रत्येक कागदावर 'नाही' लिहिलं, त्याला ते म्हणता आलं नाही. ते स्क्रीनवरच्या आपल्या नावाकडे बघत होते. "नाव मायंच आहे," ते म्हणाले. "अवजार मायं आहे. कापलं कोनं, थे नंतर. पर मशीनवर नोका ढकलू. उद्या तुमी तिच्यावर ढकलसान, मंग कोनी नीट लिवनारच नाई."

व्यवस्थापक उठले. त्यांना कोणीतरी हवं होतं आणि ते मिळालं होतं. आमच्या मालकाला फार काही करावंच लागलं नाही. सोमवारपासून मास्तरांना येऊ नका असं सांगितलं, फोनवरच. मशीनची बाजू घेऊन स्वतःची नोकरी घालवणारा माणूस मी हाच पाहिला. मशीनला त्याचं काय होतं? तिनं त्याच दुपारी सत्तर फोन घेतले असतील, त्याच मऊ आवाजात.

आणि मग मालकानं मला बोलावलं. म्हणाला, अंकलचं ते जुनं लांबलचक वर्णन असेल तुझ्याकडे, ते परत टाक. होतं तसंच टाक.  तो म्हणाला, "आन नाव काढ खालचं. कंपनीवाल्यांनी पाहिलं तर परत कटकट." मी ते वर्णन टाकलं. मयत, तेरवी, सगळ्यांच्या आधी, सगळं. नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी बघितलं तर ते त्यानं स्वतः काढलेलं होतं. तशा कामाला त्याला वेळ मिळायचा.

महिन्याभरानं मास्तरांचा फोन आला. "थ्या बाईचं गाव कोनतं?" एवढंच. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. मी म्हटलं कशाला हवंय. म्हणाले, जायचं आहे. त्यांचं जुनं वर्णन परत टाकल्याचं मी त्यांना तेव्हाच सांगितलं. एकटे गेले तर त्या घरात काय बोलून बसतील या भीतीनं मी सोबत गेले. भंडाऱ्याहून साकोलीपर्यंत एसटी, पुढे ऑटो. वाटभर त्यांचे ओठ हलत होते.  काय सांगायचं ते जुळवत होते, मला कळत होतं. शब्द कमी करत होते.

घर साधं, मागेपुढे अंगण, समोर सपरी, म्हणजे उघडी पडवी. सपरीत ताडपत्रीखाली पोती रचलेली होती. तेच धान. बाई साठीच्या आतबाहेरची असावी. तिनं आम्हाला ओळखलं नाही, ओळखणार कशी, पण बसायला सतरंजी टाकली आणि सुनेला पाणी आणायला सांगितलं. तिला वाटलं आम्ही मयतीला भेटायला आलोय, उशिरा.

मास्तर मांडी घालून ताठ बसले.

"तुमचा धानाचा नंबर रद्द झाला न," ते म्हणाले, "थो फोनवरच्या मशीननं केला. पर मशीनची चूक नाई. तिले नीट सांगतलं नव्हतं. सांगनारा मी होतो. हे तुमाले सांगाले आलो."

बाईला कळायला वेळ लागला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"मशीन होती का जी थे?"

"हाव."

"मले त पोरगीच वाटली." ती थोडी ओशाळली. "कोनाची तरी चांगली पोरगी आहे म्हटलं, हापिसात लागली असन. मी सांगतलं, आमच्या घरचे गेले बाई. त लय मयेनं बोलली. तुमच्या दुःखात आमी आहोत म्हने. काळजी घ्या म्हने. इथं लोक आले, जेवून गेले, पर असं इचारलं नाई कोनी. मंग म्हने नंबर रद्द केला. मले वाटलं, आपलं कामच करून राहिली पोरगी. मी तिले आशीर्वाद देला जी. सुखी राय म्हटलं."

मास्तर पोत्यांकडे बघत होते. सुनेनं पाणी आणलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं. मला मालकाचा गळा दाबावासा वाटत होता, आणि या माणसाचाही.

"आता घेतीन का जी धान?" बाईनं विचारलं.

"नाई. बंद झालं."

"मंग तिले आता तरी बरोबर सांगतलं का?"

"सांगतलं." ते म्हणाले, "आता कोनाचा नंबर नाई जानार."

"बरं झालं." ती खरंच बरं वाटल्यासारखी म्हणाली. "दुसऱ्याच्या घरचं तरी नीट होईन." मग पदरानं सतरंजीवरचा कचरा झटकत, त्यांना वाईट वाटू नये अशा बेतानं ती म्हणाली, "तुमी कायले इतक्या दूर तरास घेतला जी? फोनवरच सांगतलं असतं त झालं असतं. थ्या पोरीलेच सांगाले लावाचं होतं. थे बरी बोलते."

मास्तरांनी पाण्याचा पेला सतरंजीच्या कडेला ठेवला.

"हाव जी," ते म्हणाले. "बोलते थे बरी."